माणसं किती?

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार. जांभूळवाडी

एसटीतून उतरले तेव्हा छातीत धडधड सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. गाडी गेली, धूळ बसली आणि पाहते तो चहूकडे नुसती करडी जमीन. हिरवं म्हणावं असं एक कडुलिंबाचं झाड. पारनेर तालुक्यात पाऊस नाही हे नगरात रोज ऐकत होते. ऐकणं निराळं.

महिला समितीच्या चिटणीसबाई म्हणाल्या होत्या, "अवघड काही नाही हो. दुष्काळी कामावर बाया येतात, त्यांची तान्ही मुलं दिवसभर बघायची, मोठ्यांना दुपारी सरकारी पिठाची सुकडी वाटायची." मी हो म्हणून बसले. का म्हणाले कोण जाणे. छप्पन्न वर्षांची बाई मी. भिंगारच्या लष्करी छावणीतल्या मुलींना शिवण आणि इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, परगावी एकटीनं कधी रात्र काढली नाही. हे होते तोवर तो प्रश्नच नव्हता. हे गेल्यापासून बहिणीच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ असते : घरात माणूस नाही, एकटी कशी राहतेस?

इथे तरी कुठे आहे? शाळेची मागची खोली मिळाली आहे. सोबतीला गावातल्या केशरबाई. मुलं सांभाळायला मदत करायची आणि माझ्यापाशी निजायचं, असं ठरलं आहे. दाराला आतून कडी आहे, पण इतकी सैल की बाहेरून सुपारी कातरायच्या अडकित्त्यानंही उचलता यावी.

दिवेलागणीला दारावर काठी वाजली.

"घरात माणूस हाय का कोन?"

मी कंदिलामागे सरकले. केशरबाई जागच्या न उठता ओरडल्या, "माणूस न्हाई कुनी! आमी दोघी बायाच!"

पावलं निघून गेली. मी म्हटलं, "अहो केशरबाई, असं कशाला सांगितलंत? आता गावभर होईल की इथे कुणी माणूस नाही म्हणून."

"मंग काय सांगू? तुमच्या पेटीत हाय का येखादा?"

त्या हसून कुशीवर वळल्या. मी मात्र कंदील बारीक करायचं धाडस न होऊन हे लिहीत बसले आहे.


९ फेब्रुवारी, शुक्रवार

कडुलिंबाच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं सगळ्या एकदम हलल्या की माझी भीती जरा विसरते. मुलं रडतात, निजतात, पुन्हा रडतात. मला मूल झालं नाही. एवढी एकदम देवानं आता उशिरा पाठवली.

झाडापासून हाकेच्या अंतरावर गावविहीर. ती खोल करण्याचं काम चालू आहे. माणसं खाली उतरून पहारीनं खडक फोडतात. बाया वर असतात. यारीनं, म्हणजे दोरखंडाच्या रहाटानं, दगडाच्या पाट्या वर आल्या की त्या रिकाम्या करतात. बाकीच्या बाया दूर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात. मुकादम सूर्यभान पागोटं सावरत सगळ्यांवर ओरडत असतो, पण मुलांपाशी आला की आवाज खाली घेतो.

मनकर्णा नावाची एक पाथर्डीकडची मुलगी आहे. मुलगी म्हणजे विशीची असेल, पण हसते मुलीसारखी. नवरा सहादेव मुंबईला हमालीला गेला आहे. सासू राहीबाई खडीवर जाते. मनकर्णा कधी खडीवर, कधी विहिरीवर, सूर्यभान सांगेल तिथे. तिची पोर चार-पाच महिन्यांची. नाव अजून ठेवलेलं नाही; बाप आल्यावर ठेवायचं आहे. तोवर सगळ्यांची चिंगी. चिंगीला झोळीत घालून ती रोज मला बजावते, "बाई, ही रडली तर अंगठा द्या तिचा तिलाच. लई गुणाची हाय. आन् माझी आठवन काढली तर सांगा, आई काम करती, येती दुपारी."

"इतक्या लहान मुलीला आठवण येते होय गं?"

"मला येती ना. मंग तिला यीना का?"

विहिरीच्या काठाशी मी अजून एकदाही गेलेले नाही. लांबून ते तोंड दिसतं तेवढं पुरे.


१४ फेब्रुवारी, बुधवार

आज चिटणीसबाई जीपमधून आल्या आणि झाडाखाली बायांपुढे बोलल्या. कळकळीनं बोलल्या. स्त्री-पुरुष समान आहेत, आपल्या घटनेनं तुम्हाला समान मानलं आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा, वगैरे. बाया पदराआड एकमेकींकडे बघत होत्या. चिटणीसबाई निघून गेल्यावर राहीबाई म्हणाली, "कवा द्यायचं म्हनल्या?"

"काय?"

"त्येच की. सामान. बायांना सामान, बायांना सामान करीत हुत्या."

मी खूप समजावलं. सामान नव्हे, समान. सारखं. बाई आणि माणूस सारखे. मनकर्णा पोरीला पाजत होती. ती म्हणाली, "ह्ये तर सासूबाईंचंच बरुबर हाय की. बाई म्हंजी सामानच. हिकडनं उचला, तिकडं ठिवा. आज खडीवर, उद्या हिरीवर."

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले, पण आता लिहिताना हसू येत नाही.

पुण्याच्या कॉन्व्हेंटातले दिवस आठवतात. मेणानं पुसलेल्या लाकडी जमिनीचा तो वास, दुपारच्या शांततेत कुठून तरी येणारा पियानो. सिस्टर बर्नादेत व्याकरण शिकवीत. पुस्तकात जागोजागी 'मॅन' यायचं : मॅन निसर्गावर विजय मिळवतो, मॅन मर्त्य आहे. मी एकदा उभी राहून विचारलं होतं, "सिस्टर, आणि आपण?" त्या म्हणाल्या, "आपण त्यात आलोच, बाळ. वेगळं सांगावं लागत नाही." किती मायेनं म्हणाल्या होत्या. मला तेव्हा फार सुरक्षित वाटलं होतं, मोठ्या छत्रीखाली उभं राहावं तसं.


२२ फेब्रुवारी, गुरुवार

काल सुरुंग लावले तेव्हा झाडाखालची जमीन हादरली. झोळ्या वारा नसताना हलल्या.

आज धीर करून विहिरीच्या अंमळ जवळ गेले. पूर्वेच्या कडेला मातीत लांब चीर पडली आहे, तिच्यात माझा हात सहज गेला असता. सूर्यभानला म्हटलं, "ती चीर पाहिलीस का? मला फार भीती वाटते रे."

"बाई, तुमी लेकरं बघा. हिरीचं माणसं बघून घेत्यात."

"ओव्हरशियरना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनाले, उन्हानं मुरूम तडकतो." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "बायांना न्हाई मी खाली उतरवीत. ऱ्हावा निवांत."

मला बरं वाटलं. मग वाटलं, मला बरं कशाचं वाटलं? खाली गोरक्ष असतो, केशरबाईंचा पुतण्या, रोज येताजाता चिंगीला टाळ्या वाजवून दाखवणारा. तोही कुणाचा मुलगा आहेच.

चीर डोळ्यांपुढून हलत नाही.


१ मार्च, गुरुवार. संध्याकाळ

अक्षर वाईट येईल. पण लिहून काढल्याशिवाय मन थाऱ्यावर यायचं नाही.

विहीर ढासळली.

दुपारची सुट्टी व्हायची वेळ, माणसं अजून खालीच होती. बाया मुलांना पाजायला माझ्यापाशी झाडाखाली आल्या होत्या, म्हणूनच वाचल्या. आधी आवाज आला नाही, आधी पायाला कळलं. मग पूर्वेची कड सगळीच्या सगळी आत गेली आणि यारी तिच्यावर. धुळीत काही दिसेना. बाया मुलांना उराशी धरून किंचाळत पळत सुटल्या. यारीचा खांब सूर्यभानच्या डोक्यात बसला होता. तो काठाशी पडला होता, तोंडावर रक्त. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडले, "सूर्यभान! खाली माणसं किती आहेत? माणसं किती?"

त्यानं डोळे उघडले. "माणसं पाच," म्हणाला. अगदी स्पष्ट. मग त्याची शुद्ध गेली.

ओव्हरशियर एसटीनं नगरला गेलेले. त्यांचा ड्रायव्हर नूरमहंमद जीप घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला अंग्रेजी येतं. सुप्याच्या पोस्टातून छावणीला फोन लावा. फौजी लोकांकडे सामान आहे." हे छावणीच्या कचेरीत होते म्हणून नंबर मला तोंडपाठ. मी जीपमध्ये कशी चढले आठवत नाही. फोनवर ऑफिसरनं विचारलं, "हाउ मेनी मेन?" मी म्हणाले, "फाइव्ह मेन." त्यानं पुन्हा विचारलं, खात्री आहे ना? मी म्हणाले, हो, खात्री आहे.

ते आले. देवमाणसं. दोर, फळ्या, लोखंडी जॅक, सगळं घेऊन. आल्याबरोबर त्यांनी बायांना काठापासून लांब काढलं, घरी पाठवलं. रडारडीत आतला आवाज ऐकू येईना म्हणून; त्या काय ओरडताहेत ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मी इंग्रजी समजावून सांगायला तेवढी राहिले. एकेक करून वर काढले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याचा हात मोडलेला. ऊन उतरल्यावर पाचवा, गोरक्ष. तोंडात, नाकात माती. मी त्याच्या ओठांना ओला पदर लावला. तो माझ्याकडे बघून सारखा म्हणत होता, "बाई… बाई हाय…"

"हो रे बाळा, मी आहे इथेच."

"बाई हाय… बाई…"

"आहे, आहे. बोलू नकोस आता." मी त्याचा हात धरून ठेवला, गाडीत घालीपर्यंत सोडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला आणि सूर्यभानला सगळ्यांबरोबर नगरच्या दवाखान्यात नेलं.

कॅप्टननं मला सलाम केला. "ऑल फाइव्ह," म्हणाला. पाचही. आता ते फळ्या गोळा करताहेत. मी झाडाखाली येऊन बसले आहे आणि अर्धवट रडते आहे, अर्धवट प्रार्थना करते आहे. पाचही माणसं जिवंत. माझी एवढी भीती आणि देव एवढा दयाळू.

बायांनी आपापली मुलं नेली. झाड रिकामं दिसतं आहे. एकच झोळी राहिली, चिंगीची. मनकर्णा खडीवर गेली असणार आज. रस्त्याकडून राहीबाई येताना दिसते आहे. एकटीच दिसते.

चिंगी रडते आहे. अंगठा दिला तरी घेत नाही. दुपारपासून हिला कुणी पाजलेलं


३ मार्च, शनिवार

वरचं वाक्य पुरं करणार नाही.

राहीबाई जवळ आली आणि म्हणाली, "मनी कुठंय?" मी म्हणाले, "तुमच्याबरोबर नव्हती?" ती म्हणाली, "न्हाई वो. सकाळी सूर्यभाननं हिरीवर ठिवून घेतली तिला."

तेव्हा गोरक्षचे शब्द माझ्या कानात पुन्हा वाजले. बाई हाय. बाई हाय. तो मला हाक मारत नव्हता. तो सांगत होता.

मी धावले. या वयात, चप्पल न घालता, काट्याकुट्यातून. ट्रक सुरू झाला होता. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरून. कॅप्टन खाली उतरला. मी ओरडत होते, मराठीत की इंग्रजीत मला ठाऊक नाही. त्याला कळलं तेव्हा तो एकच वाक्य बोलला, आवाज न चढवता, "यू सेड फाइव्ह मेन."

"फाइव्ह मेन," मी म्हणाले. "अँड अ वुमन."

त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं.

अंधार पडत होता. ट्रकचे दिवे विहिरीत सोडले. मग त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. सगळं गाव काठापासून लांब बसून राहिलं, कुणी खोकलं नाही. एक शिपाई पोटावर पडून दगडांना कान लावीत होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यानं हात वर केला.

ती वाजवत होती. दगडावर दगड.

पश्चिमेच्या कपारीत होती. वरून आलेल्या ढिगानं कपारीचं तोंड बुजलं होतं. आत वाकून बसण्याइतकी पोकळी राहिली होती. उजवा पाय ढिगाखाली. दुपारी पाच माणसं वर नेताना तिनं सगळं ऐकलं होतं; जीपमध्ये घालताना तुटक तुटक सांगत होती. शिट्ट्या, दोर, "आला, आला!" ती ओरडत राहिली होती. तिला वाटलं, आता आपली पाळी. मग वरचे आवाज कमी होत गेले.

उजाडता उजाडता तिला वर काढलं. चेहरा मातीसारखाच. तिनं डोळे उघडून मला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं? "रडली का?"

मी म्हणाले, "रडली गं. म्हणूनच."

नूरमहंमद तिला आणि राहीबाईला घेऊन नगरला गेला. चिंगी माझ्यापाशी. केशरबाईंनी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. मी ज्वारीच्या पोत्यावर बसून होते, जरा आवाज झाला की उठत होते. केशरबाई म्हणाल्या, "आता कशापायी भ्याता? निघाली की."

कशापायी ते त्यांना कसं सांगू? मला विचारलं गेलं, आणि मी उत्तर दिलं. खात्री आहे म्हणाले.


६ मार्च, मंगळवार

नूरमहंमदच्या जीपनं नगरला जाऊन आले. चिंगीला पदरात बांधून नेलं.

मनकर्णेचा पाय गुडघ्याखाली कापला. ताप आहे. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस जाऊ देत, मग सांगू." मी विचारलं, "दुपारीच काढली असती तर पाय वाचला असता का?" ते तरुण आहेत. माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तसं काही सांगता येत नाही, मावशी." म्हणजे सांगता येतं.

ती ग्लानीत होती. चिंगीला तिच्या छातीपाशी ठेवलं तेव्हा हात हलला, एवढंच. राहीबाई पायथ्याशी बसून जिथे पाय नाही तिथलं पांघरूण सारखं सारखं नीट करत होती.

पुरुषांच्या खोलीत सूर्यभान आणि गोरक्ष शेजारशेजारच्या खाटांवर आहेत. सूर्यभानच्या डोक्याला पट्टी. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "सूर्यभान, मी तुला विचारलं होतं रे."

"काय, बाई?"

"खाली किती आहेत म्हणून."

तो खरंच बुचकळ्यात पडला. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमी माणसं इचारली," तो म्हणाला. "माणसं पाचच हुती. बाया कुठं इचारल्या तुमी?"

"तू म्हणाला होतास, बायांना खाली उतरवणार नाही."

"येक गडी आला न्हवता त्या दिशी. सुट्टी हुईस्तवर पाट्या भर म्हनलं तिला." त्यानं चादर वर ओढून घेतली. "मला वाटलं, मनीचं तुमाला ठावं हाय. तिची पोर तुमच्यापाशीच असती."

गोरक्ष छताकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "म्या सांगत हुतो. बाई हाय खाली म्हनत हुतो. तुमी म्हनला, हो रे बाळा, मी हाय." मग म्हणाला, "मला वाटलं, समजलं ह्यास्नी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना जीपमध्ये नूरमहंमद म्हणाला, "बाई, आमच्या बोलीतपण तसंच. आदमी म्हटलं की औरत कुठे डोळ्यापुढे येते?" सिस्टर बर्नादेत आठवत होत्या. आपण त्यात आलोच, बाळ. वेगळं सांगावं लागत नाही. मला विचारावंसं वाटलं, सिस्टर, आणि विहिरीत असलो तर?


८ मार्च, गुरुवार

तापाची बातमी नाही. एसटीच्या आवाजाबरोबर बाहेर धावते, कुणी निरोप घेऊन उतरतं का बघते, आणि कुणी उतरलं नाही की हायसं वाटतं. वाईट निरोप आला नाही म्हणून.

चिंगीला रात्रंदिवस पोटाशी घेऊन असते. ही मेली वाढेल आणि मला विचारील, तू काय सांगितलं होतंस?

वहीची मागची पानं वाचली. वाचायला नको होती. केशरबाई अगदी इथे माझ्या हाताशी निजतात आणि मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं आहे, की इथे कुणी माणूस नाही.


१० मार्च, शनिवार

ताप उतरला! राहीबाईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर सांगून धाडलं : मनी पेज प्याली, पोरीला घिऊन या सोमवारी.

झाडाखाली आज पुन्हा झोळ्या बांधल्या. कामावर ओव्हरशियरनी नवा मुकादम पाठवला आहे, अगदी तरुण. सकाळी त्यानं मोठ्यानं विचारलं, "माणसं किती आली?" आणि बायांच्या रांगेतून कुणीच काही बोललं नाही. मी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. चुलीवरच्या सुकडीला ढवळत राहिले. भित्री ती भित्रीच.


१२ मार्च, सोमवार

आज दुपारी चिंगीला घेऊन नगरला जायचं आहे. त्याआधी काल संध्याकाळचं लिहून ठेवते.

दिवे लावायची वेळ. केशरबाई भाकरी थापत होत्या, मी चिंगीची झोळी तुळईला बांधत होते. अंगणात अनोळखी चप्पल वाजली. मग दारावर थाप, जोराची. कडी खुळखुळली.

"घरात माणूस हाय का कोन?"

आवाज पुरुषाचा, दमलेला, रागावलेला वाटावा असा. इतकं सगळं होऊन माझ्या भीतीत तसूभर फरक नव्हता. केशरबाईंनी पिठाचे हात तसेच धरून सवयीनं तोंड उघडलं, "माणूस न्हाई…"

"आहेत!" मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. मी पुन्हा म्हणाले, "आहेत. तीन माणसं आहेत घरात. कोण आहे?"

केशरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "तिसरं कुठलं वो?"

मी झोळीकडे बोट दाखवलं. त्यांचं तोंड हसू की काय करू असं झालं.

दार धरून कुणीतरी टेकलं असावं, फळी करकरली. मग तोच आवाज, पण त्यातला सगळा जोर गेलेला.

"मी सहादेव. मुंबईस्नं आलो. घराला कुलूप हाय. गावाकडचा येक जन भेटला, म्हनला हीर पडली, माणसं गाडली." मी त्याचा श्वास ऐकत होते. "बाई, माझं माणूस हुतं त्या हिरीवर. माझं माणूस… जितं हाय का?"

माझं माणूस. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. केशरबाई डोळ्याला पदर लावत होत्या, त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात असंच बोलत असतील, जन्मभर.

पायाचं अजून सांगायचं होतं. ते कसं सांगायचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून त्या घटकेला 'आहे' निघालं नाही, गोरक्षचाच शब्द निघाला.

"हाय," मी म्हणाले. "जितं हाय तुझं माणूस."

आणि कडी काढली.